बाबूजींची चार बोटं

अकरावी चटई निघाली नाही.

कटिंग टेबलावर मोरपंखी रंगाचा एक तुकडा उरला होता. मी टेप लावला. साडेआठ फूट, वर जेमतेम इंचभर. मला हवी होती नऊ फुटी चटई.

"सुपडूभाऊ, रोल किती फुटांचा?"

"शंभर."

"मग नऊ फुटी चटया किती निघायला हव्यात? नऊ अकरे नव्याण्णव. अकरा निघून वर फूटभर उरायला हवा."

सुपडूभाऊ आमचे कटिंगचे सगळ्यात जुने कारागीर. धरणगावकडचे. तरुणपणी आखाडा गाजवलेला माणूस. कात्री त्यांच्या हातात नेलकटरसारखी दिसते. ते शांतपणे म्हणाले, "हिशोबमा अकरा व्हतस ताई. टेबलवर दहाच व्हतस."

"नेहमी?"

"कायम."

"आणि उरलेला तुकडा?"

त्यांनी अंगठ्याने मागे दाखवलं. मागे ग्राइंडर घरघरत होता.

इथे थोडं समजावून सांगते. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणतात. आधी प्लास्टिकचा दाणा वितळवून त्याच्या बारीक नळ्या काढतात, मग लूमवर त्या नळ्यांची चटई होते. सहा फूट रुंदीचा लांबच लांब रोल. कटिंग टेबलावर तो हव्या त्या लांबीला कापायचा, कडेने कापडी पट्टी शिवायची, चटई तयार. उरलेला तुकडा ग्राइंडरमध्ये गेला की भुगा होतो आणि भुग्याचा परत दाणा. त्यामुळे आमच्याकडे नासाडी कुणाला दिसतच नाही. "वाया कुठं गेलं? दाणाच तर झाला," असं सगळे म्हणतात. पण सगळ्या रंगांचा भुगा एकत्र झाला की त्यातून निघतो तो एकच रंग, चिखली. मोरपंखी एकदा ग्राइंडरमध्ये गेला की गेला.

आणि मला मोरपंखीच हवा होता.

ऑर्डर दोंडाईच्याची होती. तिथले नाना आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांनी नवीन मंगल कार्यालय बांधलं होतं. सगळीकडे टेबलखुर्च्या आल्या, पण नानांना पंगतच हवी. "टेबलवर माणूस जेवतो आणि उठतो. खाली बसला की आग्रह करता येतो," हे त्यांचं म्हणणं. त्यासाठी एकशे आठ चटया. सगळ्या मोरपंखी, लाल काठाच्या, सहा बाय नऊ. फोनवर नानांनी बजावलं होतं, "ताई, एक जरी चटई येगळी दिसनी, ते बठ्ठा माल परत."

मी म्हटलं होतं, "एकशे आठ म्हणजे एकशे आठ, नाना."

हे मी हवेत बोलले नव्हते. मोरपंखी रंगाचा तो लॉट संपत आला होता. पुढच्या लॉटची छटा थोडी पोपटीकडे जाते. होत्या त्या दाण्यात बरोबर दहा रोल निघाले. दहा रोल, प्रत्येकी अकरा, म्हणजे एकशे दहा. दोन हाताशी. कागदावर प्लॅन इतका सुंदर दिसत होता की मी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता.

आता टेबलाच्या हिशोबाने दहा रोलमध्ये शंभर. आठ चटया कमी. म्हणजे सगळी ऑर्डर परत.

यात माझाही एक स्वार्थ होता. मी आयुष्यभर पाईपच्या कंपनीत प्लॅनिंग केलं. चटईत नवी. धाकटे मालक पंकजभाऊ, त्यांनी मला आणलं. थोरले मालक म्हणजे त्यांचे वडील, बाबूजी. त्यांचं मत, चटईच्या कारखान्यात प्लॅनिंगला माणूस कशाला? चटई म्हणजे काय रॉकेट आहे का? नानांची ऑर्डर हुकली असती तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि मी परत पाईपकडे.

मी दुसरा रोल थांबवला.

"सुपडूभाऊ, कापू नका. नुसतं मोजून दाखवा."

त्यांनी टेप ओढला. नऊ फुटांवर बोट ठेवलं. एकदम बरोबर, सूतभर इकडेतिकडे नाही. मग त्यांनी टेपच्या टोकाला आपला डावा पंजा आडवा टेकवला, चारही बोटं जुळवून, आणि करंगळीच्या पलीकडे खडूची रेघ मारली.

"हे काय?"

"शकुनना."

"कशाचा शकुन?"

"चार बोटं वर देवानी. बाबूजीनी सांगेल शे."

मी त्यांच्या चार बोटांना टेप लावला. साडेतीन इंच. असला हात मी फक्त गदा धरलेल्या मूर्तीला पाहिला होता. दर चटईला साडेतीन इंच, अकरा चटयांना तीन फुटांच्या वर. सांगा, अकरावी कशी निघणार? कात्रीची धार चांगली होती, टेप चांगला होता, माणूस चांगला होता. चांगुलपणातच चटई जात होती.

पंकजभाऊंकडे गेले. ते म्हणाले, "सोपं आहे मॅडम. नऊ म्हणजे नऊ कापा."

"बाबूजींना कोण सांगणार?"

पंकजभाऊंना एकदम एक फोन आठवला. ते बाहेर गेले.

बाबूजी केबिनमध्ये बसले होते. पांढरा सदरा, बारीक अंग, उजव्या हातात तीन अंगठ्या. कारखान्याआधी त्यांच्या घरचं कापडाचं दुकान होतं, बोदवडला. मी सगळं मांडलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"ताई, नऊ सांगून नऊच दिलं, तर आपण दिलं काय?"

"चटई दिली बाबूजी."

"ती तर त्याने विकत घेतली. दिलं काय?"

मी हिशोबाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो परत सरकवला.

"माझे वडील कापड फाडताना चार बोटं सोडूनच फाडायचे. गिऱ्हाईक घरी जाऊन मोजतं आणि खूश होतं. ते चार बोटांचं खूश होणं, तेच आपलं दुकान. ऑर्डर गेली तरी चालेल. शकुन तोडायचा नाही."

"थोडा कमी केला तर?"

"चार बोटं म्हणजे चार बोटं. साडेतीन बोटं असतात का कुणाला?"

मी बाहेर आले. सुपडूभाऊ भाकरीबरोबर भरीत खात बसले होते. त्यांनी माझं तोंड पाहून अर्धी भाकरी पुढे केली. मी घेतली. आणि चावता चावता मला प्रश्न पडला. शंभर फुटी रोलमधून साडेतीन इंच जास्तीच्या दहा चटया गेल्या तर जवळपास त्र्याण्णव फूट गेले. उरायला हवेत सात. मग साडेआठ फूट कसे उरले?

दीड फूट कुठून आला?

"सुपडूभाऊ, उठा. एक रोल बाहेर घ्या."

शेडमध्ये एवढा लांब रोल पसरायला जागा नव्हती. आम्ही तो गेटसमोरच्या रस्त्यावर उलगडला. एमआयडीसीच्या डांबरी रस्त्यावर मोरपंखी गालिचा, पार शेजारच्या डाळमिलच्या दारापर्यंत. डाळमिलचे हमाल बाहेर आले. एकाने विचारलं, कोण मंत्री येतोय? तुरीने भरलेला एक ट्रक थांबला आणि हॉर्न द्यायला लागला. मी ट्रकवाल्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. मोकळा होता तो.

शंभर फूट. आणि वर दीड फूट.

लूमवरच्या ऑपरेटरला बोलावलं. तो धावत आला. "मॅडम, शंभरावर एक हात सोडतो मी. कोपरापासून बोटांपर्यंत. बाबूजींनीच सांगितलंय, रोल नेमका शंभर काढायचा नाही."

"अरे, पण रोल आपण कुणाला देतो?"

"कटिंगला."

"कटिंग कुणाचं?"

"आपलंच."

म्हणजे कारखाना स्वतःलाच शकुन देत होता! लूमवाला कटिंगला एक हात देणार, कटिंगवाला गिऱ्हाइकाला चार बोटं. मला रस्त्यावरच हसू फुटलं. हमालही हसायला लागले, का ते त्यांना माहीत नसताना. ट्रकवाल्याने टेप सोडून टाळ्या वाजवल्या आणि आम्हाला परत मोजावं लागलं. मी आणखी एक रोल मोजला. तोही तेवढाच. दहाही रोल त्याच माणसाने त्याच लूमवर विणले होते.

मी डांबरावर बसून खडूने हिशोब मांडला. अकरा चटयांचे नव्याण्णव फूट. रोल शंभर अधिक दीड फूट. हाताशी अडीच फूट, म्हणजे तीस इंच. भागिले अकरा. दर चटईला पावणेतीन इंच, खरं तर त्याहून केसभर कमी. एवढा शकुन दिला तरी अकरावी निघते.

पावणेतीन इंच. चार बोटं. मी स्वतःचा हात टेपवर ठेवला. पावणेतीन आणि वर एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या कामातलं सगळ्यात लहान माप. एका सुताने हुकले.

"सुपडूभाऊ," मी म्हटलं, "बाबूजी चार बोटं म्हणाले. कुणाची ते म्हणाले का?"

सुपडूभाऊंनी आपले पंजे उलटसुलट करून पाहिले. "मना हात मोठा शे, त्याले मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. शिलाईत चला."

शिलाई सेक्शनमध्ये सगळ्या बायका. मी टेबलावर फूटपट्टी ठेवली आणि सांगितलं, एकेकीने येऊन चार बोटं ठेवायची. का ते नंतर. हां हां म्हणता रांग लागली. मशिन बंद, सगळ्या हात पुढे करून उभ्या, शाळेत छड्या खायला उभं करतात तशा. सुपडूभाऊ मोठ्याने आकडे सांगायला लागले. "तीन! नापास. पावणेतीन! बस खाली." कुणी बांगड्या मागे सारल्या, कुणी बोटं दाबून धरली. "दाबवानी नही! रद्द!" मंगल नावाची एक बारीक चणीची बाई होती. तिची चार बोटं भरली अडीच इंच. सगळ्यांनी आरडाओरडा केला. मंगलला वाटलं तिला बक्षीस मिळणार. ती लाजली.

मशिनचा आवाज थांबला म्हणून बाबूजी आले.

"हे काय चाललंय?"

सगळ्यांचे हात अजून पुढेच होते.

"बाबूजी," मी म्हटलं, "शकुन तोडत नाही. चार बोटंच देणार. फक्त मंगलची."

"मंगलची का? कारखाना मंगलचा आहे?"

"सुपडूभाऊंचा आहे?"

सुपडूभाऊ छताकडे पाहायला लागले.

"इतकी वर्षं गिऱ्हाइकाला सुपडूभाऊंची बोटं जातायत," मी म्हटलं. "शकुन देतं कोण?"

"मी देतो. कोण म्हणजे काय?"

"मग बोटं तुमची हवीत."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग पंकजभाऊंकडे. ते दारात फोन कानाला लावून उभे होते, पण बोलत काहीच नव्हते. बाबूजी हळूच म्हणाले, "वडील दुकानात स्वतः फाडायचे. नोकराला हात लावू द्यायचे नाहीत." आणि त्यांनी उजवा हात फूटपट्टीवर ठेवला.

सुपडूभाऊ वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

"तीन."

शिलाईतून एक मोठा "अरेरे" उठला. तीन इंच, गुणिले अकरा, तेहेतीस. आमच्याकडे तीस. माझ्याच युक्तीने मी अडकले होते. आता मंगलची बोटं परत मागता येणार नव्हती.

तेवढ्यात मंगलच म्हणाली, "पण अंगठ्या मोजल्या ना."

खरंच. तीन अंगठ्या. पोवळं, पुष्कराज आणि एक साधी सोन्याची. बोटांच्या मध्ये भिंतीसारख्या उभ्या.

"बाबूजी, अंगठ्या काढा."

"पोवळं निघत नाही. मंगळासाठी आहे. लग्नानंतर घातलंय."

"काढायचं नाही, की निघत नाही?"

बाबूजींनी विचार केला. "काढायला हरकत नाही. पण निघत नाही."

मग जे झालं ते मी पाईप कंपनीत कधी पाहिलं नव्हतं. शिलाई मशिनच्या तेलाची कुपी आली. बाबूजी स्टुलावर बसले. मंगल तेल सोडते आहे, पंकजभाऊ फोन खिशात टाकून वडिलांचं मनगट धरून उभे आहेत, आणि सुपडूभाऊ अंगठी ओढतायत. "हळू रे, बोटही लागेल ना मोजायला!" बाबूजी ओरडले. आणि स्वतःच हसायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. हसताना हात हलायचा, अंगठी परत आत जायची. बायकांनी पदर तोंडात कोंबले. पुष्कराज निघाला, सोन्याची निघाली. पोवळं सांध्यावर अडून बसलं. सुपडूभाऊंनी आखाड्यात घ्यावा तसा श्वास घेतला आणि अंगठी फट्‌ करून सुटली. ती उडून मशिनखाली गेली. चार बायका आडव्या झाल्या.

"ती नंतर शोधा!" बाबूजी म्हणाले. "आधी माप घ्या!"

हात पुसला. फूटपट्टीवर ठेवला.

"अडीच," सुपडूभाऊ म्हणाले. "आणि एक सूत."

मी मनात गुणलं. मग कागदावर गुणलं. मग मोबाइलवर. अकरा चटयांना एकोणतीस इंचांच्या आत. वर इंचभर शिल्लक.

"निघते!" मी ओरडले. माझ्या वयाला शोभेल असं ते ओरडणं नव्हतं.

पोवळं बॉबिनच्या डब्यात सापडलं. बाबूजींनी ते लगेच घातलं, जाताना तेलामुळे सुळकन गेलं. मग जरा काळजीने त्यांनी विचारलं, "आता प्रत्येक चटईला मी येऊन हात ठेवायचा का?"

"नाही," मी म्हटलं. आणि पॅकिंगच्या पेटीची एक फळी मागवली. अडीच इंच एक सूत रुंदीचा ठोकळा कापून घेतला. त्याला भोक पाडलं, सुतळी बांधली आणि कटिंग टेबलाच्या खिळ्याला अडकवला. नऊ फुटांवर टेप, टेपच्या पुढे ठोकळा, ठोकळ्यापुढे रेघ. बाबूजींनी त्याला कुंकू लावलं. लूमवाल्याने विचारलं, मग माझ्या हाताचं काय? त्याचा एक हात तसाच ठेवला. त्याच्यावरच तर हे सगळं उभं होतं.

सुपडूभाऊंनी रोल चढवला. एक, दोन, तीन. दहाव्या चटईला शिलाईतल्या बायका मशिन सोडून आल्या. अकराव्या चटईला सुपडूभाऊंनी टेप ओढला, ठोकळा लावला, रेघ मारली. रेघेच्या पुढे रोल उरला होता. बोटभर.

पहिल्या रोलच्या दहा आणि बाकी नऊ रोलच्या अकरा-अकरा. एकशे नऊ. एकशे आठ नानांच्या, एक हाताशी. ती मी स्टॉकला लावायचं ठरवलं.

बाबूजी टेम्पोजवळ उभे होते. त्यांनी गठ्ठे मोजले. "एकशे नववी कुठंय?"

"ती जास्तीची आहे."

"म्हणूनच विचारतोय," ते म्हणाले, आणि ती टेम्पोत चढली. मी चढू दिली. नव्याने आलेल्या माणसाने एका आठवड्यात दोनदा जिंकू नये.

टेम्पो दोंडाईच्याला पोचला तसा नानांचा फोन आला. मागे पंगतीच्या तयारीचा गोंगाट. कुणीतरी "बुंदी कुठं?" म्हणून ओरडत होतं.

"ताई, रंग बठ्ठा एक शे. झकास शे. पण मी मोजी पाह्यनं. नऊ फूट ते बराबर. वर चार बोटं ऱ्हातस कायम. यंदा तीनच शेतस!"

नानांना मी कधी पाहिलं नव्हतं. पण आवाजावरून हात कसा असेल याचा अंदाज आला.

"नाना, बोटं कुणाची लावलीत?"

"मनी. आखो कोननी?"

"शकुन कोण देतंय? तुम्ही की बाबूजी?"

पलीकडे परत कुणीतरी बुंदी मागितली.

"बाबूजी," नाना म्हणाले.

"मग बोटं देणाऱ्याची मोजायची, घेणाऱ्याची नाही. आणि एकशे नववी चटई मोजलीत का? ती कुणाच्याच बोटात बसत नाही."

नाना जोरात हसले. मग फोन हातातच ठेवून त्यांनी ते तिथल्या सगळ्यांना सांगितलं. मग तेही हसले. माल परत आला नाही. ती एकशे नववी चटई नानांनी पंगतीला वापरली नाही, आचाऱ्याला बसायला दिली, असं टेम्पोवाल्याने सांगितलं. साडेआठ फुटी तुकडा मी ग्राइंडरपासून वाचवला. दुपारी सुपडूभाऊ त्यावर झोपतात. त्यांचे पाय बाहेर राहतात.

आता आमच्या दर रोलला अकरा चटया निघतात. ग्राइंडर अर्धा वेळ बंद असतो. नवीन माणूस कटिंगला आला की त्याला आधी टेप देतात, मग ठोकळा. ठोकळ्याचं नाव विचारलं तर सगळे सांगतात, बाबूजींची बोटं.

पाईप कंपनीत मी नासाडी मशिनमध्ये शोधायचे. इथे आल्यापासून आधी विचारते, वर किती सोडता, कुणाला सोडता आणि कुणाच्या हाताने सोडता.

परवा बाबूजी केबिनमधून बाहेर आले. लग्नसराईत दोनचार किलो वाढलेत. हात पुढे करून म्हणाले, "ताई, बोटं जरा भरल्यासारखी वाटतायत. परत मोजायची का?"

"नको बाबूजी," मी म्हटलं. "म्हणूनच लाकडाची केली."